दादा, पाणी भात्यातून येत नव्हतं

दादा, दहाव्याला कावळा लगेच शिवला, त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

नदीवर पिंड ठेवला, गुरुजी बाजूला झाले. आपले भाऊबंद आपापली आश्वासनं तयार ठेवून हात जोडून उभे होते. कोणी पोरीच्या शिक्षणाचं बोलणार होता, कोणी गाळ्याचं, कोणी वहिनीला सांभाळण्याचं. तोंड उघडायची वेळच आली नाही. कावळा आला, चोच मारली, गेला. "शांत झाला गं तुझा दादा," कोणीतरी मला म्हणालं, "काय इच्छा मागं ठेवली नाय त्याने." मी वळून वर बघितलं. घाटावरून आपलं अंगण दिसतं, आणि अंगणात ताडपत्रीखाली तुझी होडी दिसते. इतकी वर्षं जिच्या तळात डोकं खुपसून आपण दोघं भांडलो ती होडी. तिची गळती तशीच ठेवून तू शांत झालास? मला त्या कावळ्याला हाकलून द्यावंसं वाटलं. तो आला नसता, सगळ्यांच्या विनवण्या करून झाल्या असत्या आणि शेवटी मी पुढे होऊन म्हटलं असतं, "बरं बाबा, शोधते तुझी गळती, आता तरी ये," तर मला बरं वाटलं असतं. निदान तुला फिकीर होती एवढं तरी कळलं असतं.

तुला असं सुटून जायची सवयच होती म्हणा. भांडणात मी मुद्द्यावर आले की तू "चल ठेवतो, गिऱ्हाईक आलं" म्हणायचास आणि फोन ठेवायचास. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या गाळ्यात रिक्षा-टेंपोची इंजिनं खोलणारा माणूस तू. तुझ्याकडे गिऱ्हाईक यायचंच, पण माझा मुद्दा बरोबर असला की ते हमखास यायचं. शेवटचा फोनही तसाच. तू म्हणालास, "बाय, रविवारी ये, भाता परत काढून बघू." मी म्हणाले, "भात्याचं नाव काढू नकोस, पाणी पाइपातून येतंय." तू म्हणालास, "चल, गिऱ्हाईक आलं." आणि रविवार यायच्या आत तू गेलास. हे लिहिताना मला रडू येत नाहीये, चीड येतेय. भांडण अर्ध्यावर टाकून जायची ही कुठली पद्धत?

मी कारखान्यात जे करते तेच आता करते. पहिल्यापासून मांडते. अंबरनाथच्या आनंदनगरला पंप तपासण्याच्या टेबलाशी बसून माझी निम्मी नोकरी गेली. पंप पाण्यात बुडवायचा, आत हवा भरायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. त्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, गळती कशी शोधाल, आणि मी सायकलच्या ट्यूबचं सांगितलं होतं. बादलीत ट्यूब फिरवत तू मला शिकवलं होतंस, "बुडबुडा दिसला की बोट ठेव आणि हलू नको, मान वळवलीस की भोक हरवलं." त्या एका वाक्यावर मला नोकरी लागली असं मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ते सगळ्या गावाला ऐकवलं असतंस, म्हणून नाही सांगितलं.

होडी तू आणलीस ती गणपतीसाठी. गावची जुनी लाकडी होडी कुजली, आणि आपले गणपती नदीच्या मध्यावर न्यायचे कसे हा प्रश्न पडला. काठावर विसर्जन करायचं तर काठाला गाळ, देव अर्धा वर राहतो. तू कुठूनतरी अलिबागकडच्या एका शेठची पडून असलेली फायबरची होडी शोधून काढलीस. बदलापूरच्या पुलावरून ती ट्रेलरवर येताना लोक रिक्षा थांबवून बघत होते. "इंजिन गाडीचंच आहे," तू म्हणालास, "फक्त चाकाऐवजी पंखा." गाडीचं होतं खरं. पण ते बसवलेलं होतं होडीच्या आत, मागच्या भिंतीला टेकून, आणि पंखा भिंतीच्या बाहेर, पाण्यातल्या एका लोखंडी पायाला. म्हणजे भिंतीला मोठं भोक पाडून इंजिनाची ताकद बाहेर न्यायची. त्या भोकावर घडीघडीची रबरी नळी. पेटीच्या भात्यासारखी ती दिसते म्हणून आपण तिला भाताच म्हणायला लागलो. पाय वळला की भाता वळतो, आणि भाता फाटला की नदी आत.

म्हणून तळाला पहिल्यांदा पाणी दिसलं तेव्हा तू भात्याकडे बोट दाखवलंस. मी म्हणाले, थांब. हे इंजिन आपलं आतलं कूलंट थंड ठेवायला नदीचं पाणी ओढून घेतं आणि धुराबरोबर बाहेर टाकतं. त्या पाण्याचे पाईप आतून फिरलेत. एक क्लिप सैल झाली तरी इंजिन चालू असताना तळ भरणार. झालं. त्या दिवशी दोन पक्ष पडले ते शेवटपर्यंत. तुझा भाता, माझे पाईप.

आणि वर त्या पाण्याचा रंग. पहिल्या वर्षी विसर्जन करून आलो तर तळात लालसर पाणी. तू बोटावर घेतलंस, वास घेतलास आणि जाहीर केलंस, "कूलंट. इंजिनातलं लाल कूलंट गळतंय." मी म्हणाले, "दादा, सगळं गाव गुलालात न्हालंय, तुझ्या कानात गुलाल आहे, आणि तू कूलंट म्हणतोस?" तू कूलंटची टाकी उघडून दाखवलीस, "बघ, बोटभर कमी झालंय." बोटभर काय, नखभरसुद्धा कमी नव्हतं. पण तुला दिसलं. तुला हवं ते तुला नेहमी दिसायचं.

मग आपले रविवार सुरू झाले. मी अंबरनाथहून यायचे, वहिनी चहा ठेवायची आणि तोंड फिरवायची. होडी जमिनीवर असताना आपण तिच्यात आतून पाणी भरलं, इंजिनाच्या पोटाला लागेपर्यंत, आणि बाहेरून आडवे पडून ठिबकतंय का बघितलं. कुठेही थेंब नाही. तळ शाबूत. बुचाचं भोकही कोरडं. हे बूच म्हणजे तळातलं पाणी काढून टाकायचं, आणि एकदा तू ते लावायलाच विसरून होडी नदीत घातली होतीस. घाटावर सगळ्यांसमोर आपण ती ओढून वर काढली होती आणि तू शपथ घेऊन सांगितलंस की हीसुद्धा चाचणीच होती. त्या आठवणीने मला या दिवसांतही हसू आलं.

नदीत सोडून बघितलं तेव्हा मी मागच्या भिंतीच्या पायथ्याशी कोरडी रांगोळी टाकली, पाणी आलं तर ओघळ दिसावा म्हणून. तू म्हणालास, "हळदीकुंकू ठेवलंयस काय होडीत?" आपण दोघं बसलो. इंजिन बंद ठेवून बघितलं, मग चालू करून लांब फेरी मारून बघितलं. रांगोळी जशीच्या तशी. तुझा भाता निर्दोष, माझे पाईप निर्दोष. दोघांनाही ते मान्य करवेना. तू म्हणालास, भाता जास्त वळल्याशिवाय गळत नाही. मी म्हणाले, इंजिन जास्त तापल्याशिवाय पाईप सुटत नाही. आणि अनंत चतुर्दशीला परत घोट्याएवढं पाणी.

गेल्या वर्षी तर मधल्या पाण्यातच बादल्या घ्याव्या लागल्या. भजनी मंडळातले बुवा देव सोडून झाल्यावर काठावर उतरले आणि धोतर पिळत म्हणाले, "पुढच्या साली देव टेंपोने नेऊ. ही गळकी नको." तू हसून म्हणालास, "बुवा, देव बुडवायलाच तर नेतो आपण." सगळे हसले. पण गळकी हे नाव चिकटलं. आधी होडीला, मग आपल्या घराला. किराणाच्या दुकानात मी स्वतः ऐकलं, "कोण मधू? तो गळकीवाला ना?" आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या इंजिनातली ऑइलगळती बंद केली त्याचं हे नाव. तू ते हसण्यावारी नेलंस, पण दुसऱ्या आठवड्यात नवा भाता मागवलास, आधीचा चांगला असताना. तेव्हा मला कळलं की तुला ते कुठे लागलंय.

दहाव्यानंतर वहिनीने विषय काढला. "ताई, मना ती होरी दारात नको. माझ्या नवऱ्याचे सगळे रविवार तिनेच खाल्ले." त्यातले निम्मे रविवार मीही खाल्ले होते. तिने लच्छूकाकांना निरोप धाडला होता. कॅम्प चारला तुझ्या गाळ्यासमोर ज्यांचं जुन्या सुट्या भागांचं दुकान आहे ते. रविवारी ते गॅसकटर घेऊन येणार, इंजिन आणि पाय कापून नेणार, उरलेलं खोकं कोणाला कोंबड्यांसाठी लागलं तर लागलं.

मी लच्छूकाकांना फोन केला. ते म्हणाले, "बेटा, मधूने माझ्याकडूनच भाता मागवला दोन टाइम. माल एकदम बरोबर होता. मी त्याला बोललो पण, भाई, भाता नाही गळत, दुसरीकडे बघ. तो ऐकतो काय? जिद्दी माणूस." मी म्हणाले, "मग पाईप असणार." ते म्हणाले, "पाईपचा माल पण माझाच आहे." मला हसावं की रडावं कळेना. तू गेल्यावरसुद्धा त्या माणसाला आपल्या मालाची काळजी होती, आणि मला माझ्या पाईपांची.

पण एक गोष्ट मला सहन होत नव्हती. होडी कापली की गावाचा निकाल कायम. मधूची होडी गळकी होती आणि का गळते ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मी वहिनीला म्हणाले, "रविवारपर्यंत थांब. मी शोधते. नाही सापडली तर मी स्वतः काकांना कटर धरायला मदत करते." ती म्हणाली, "इतकी वर्षं दोघांना नाय सापडली, आता एकटीला सापडेल होय?" हे तिने टोमण्यात म्हटलं नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं.

शनिवारी मी रजा टाकली आणि भजनी मंडळाला बोलावलं. माझं गणित साधं होतं. होडी गळते ती फक्त विसर्जनाला, आणि विसर्जनात जे असतं ते आपण कधी चाचणीला घेतलंच नव्हतं. माणसं. बुवांनी आढेवेढे घेतले. मी म्हणाले, "घाटाला दोरीने बांधून ठेवते. बुडाली तर गुडघाभर पाण्यात बुडेल. धोतर परत पिळा." इंजिन चालवायचं नव्हतंच, मला ते येतही नाही. मी भिंतीच्या पायथ्याशी रांगोळी टाकली आणि त्यांना बसायला सांगितलं. सगळे भीतीने पुढच्या टोकाला जाऊन दाटीवाटीने बसले. रांगोळी कोरडी. किती वेळ गेला तरी कोरडी. मी इतकी वैतागले की बुवांवर ओरडलेच, "असे बसता का विसर्जनाला? मागे या ना, देव मागे असतो तसे."

"आता देव कुठं हाय मागं?" बुवा म्हणाले.

"आहे असं समजा."

मागे तुझा पाट होता. होडी हलली की देव डगमगतो, म्हणून तू मागच्या भिंतीला आतून दोन लोखंडी कोन लावून सागवानी पाट कायमचा बसवला होतास. त्यावर कधी कोणी पाय ठेवला नाही, कधी हत्यार ठेवलं नाही. इंजिन खोलायचं तरी तू आधी पाटाला हात लावून डोक्याला लावायचास आणि मग अंग चोरून त्याच्याखाली शिरायचास. मीही शिरायचे. होडीचा इंच न इंच आपण तपासला, पण पाटाला पान्हा लावायचा विचार आपल्या दोघांच्याही मनात आला नाही. तो होडीचा भाग आहे असं आपल्याला वाटतच नव्हतं.

बुवा उठले, रिकाम्या पाटासमोर आले आणि सवयीने हात जोडले. मग बाकीचे आले. देव पाण्यात जाण्याआधी त्याच्या पायाला हात लागावा म्हणून दरवर्षी सगळे जसे मागे लोटतात तसेच लोटले, रिकाम्या पाटाला हात लावायला. कोणी हसलं नाही. होडीचं मागचं अंग हळूच खाली बसलं, वीतभर. आणि मी रांगोळीकडे बघत होते, मान न वळवता. डाव्या कोनाखाली एक ठिपका ओला झाला. मग तो लांबला. भिंतीवरून बारीक ओघळ उतरला, इंजिनाच्या मागे गेला आणि बरोब्बर भात्याच्या खाली जाऊन जमा व्हायला लागला. दादा, जिथे तू दरवर्षी बोट दाखवायचास तिथेच.

पाणी भात्यातून येत नव्हतं. पाइपातूनही येत नव्हतं. पाटाच्या बोल्टातून येत होतं. कोन पक्के बसावेत म्हणून तू बोल्ट भिंतीतून आरपार घातले होतेस. होडी रिकामी असली, आपण दोघंच असलो, की ती भोकं पाण्याच्या चांगली वर. गाव मागे लोटलं की ती पाण्याखाली. इतकी साधी गोष्ट. मला आनंद व्हायला हवा होता. मला एवढंच वाटलं की आत्ता तू इथे हवा होतास, म्हणजे तुझ्या पाठीत एक धपाटा घातला असता.

मी पान्हा उचलला तर बुवा म्हणाले, "देवाचा पाट हाय तो. घरात दुःख हाय. वर्ष जाऊ दे, मग काढ." मी बोलणार तेवढ्यात मागे पाण्यात पाय टाकल्याचा आवाज आला. वहिनी. ती वरून सगळं बघत होती. जन्मात तिने त्या होडीत पाय ठेवला नव्हता. साडी सावरत आत आली, माझ्या हातातून पान्हा घेतला आणि म्हणाली, "पाट त्याने बसवला, मी काढते. देव काय बोलला तर मना बोलेल." मी सगळ्यांना पुढे पाठवलं, म्हणजे भोक पाण्याच्या वर येईल. नट गंजला होता. वहिनीने दोन्ही हातांनी जोर लावला, परत लावला. सुटला एकदाचा.

बोल्टाबरोबर दोरा बाहेर आला. नळ बसवताना प्लंबर आट्यांवर दोरा गुंडाळतात तसा घट्ट, शिस्तीत गुंडाळलेला. कुजून फिका गुलाबी झालेला, पण आतल्या वेढ्याला अजून लाल. वहिनीने तो हातात घेतला आणि तशीच बघत बसली. "ह्यो माझ्या देव्हाऱ्यातला पूजेचा दोरा हाय," ती म्हणाली. "पाट बसवला तवा मागून नेला. म्हणला, देवाला पाहिजे. मना वाटलं, पाटाला बांधील."

मला सगळं दिसलं. जगात जे जे गळतं त्यावर तू सिलिकॉन फासायचास. माझ्या मोरीच्या नळालासुद्धा फासलंस, मी नको म्हणत असताना. पण देवाच्या पाटाला ते आंबूस वासाचं चिकट काहीतरी लावायला तुझा हात धजला नाही. पॅकिंग तर हवं. मग देवाच्या बोल्टाला देवाचाच दोरा. दादा, तू वेडा होतास का? दोरा पाणी अडवत नाही, ओढतो. समईची वात तेल ओढते तसा. पन्नास इंजिनांचं दुखणं नुसत्या आवाजावरून सांगायचास आणि एवढं तुला कळलं नाही? आणि ते लाल पाणी. ते कूलंट नव्हतं. गुलालही नव्हता. दोऱ्याचा रंग सुटत होता. आपण दोघंही इतका आवाज चढवून इतके चुकीचे होतो, आणि हे ऐकून घ्यायला आता मी एकटीच उरले.

रागावून झाल्यावर मी त्या दोऱ्याचे वेढे बघितले. एकावर एक, कुठेही गाठ नाही. काम वाईट केलं नव्हतंस. नेहमीपेक्षा जास्त मन लावून केलं होतंस, म्हणूनच चुकलं. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नसतं. आता म्हणते. मी नकळत त्या भोकावर बोट ठेवलं होतं आणि वहिनीने "सोड, पाणी नाय येत आता" म्हणेपर्यंत काढलं नाही.

रविवारी लच्छूकाका कटर घेऊन आले. तोपर्यंत आम्ही बाकीचे बोल्ट आणि पाट काढून होडी वर ओढली होती. मी त्यांना बोल्ट दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "बघ, मी बोललो होतो. भाता बरोबर होता." दादा, माणसं बदलत नाहीत. पण कटर त्यांनी टेंपोतून उतरवलाच नाही. उलट गाडीतून सिलिकॉनची नळी काढली, भोकं घासून साफ केली आणि दोन्ही बाजूंनी भरून बंद केली. मी म्हणाले, नवा बोल्ट घालून पाट परत बसवू. वहिनी म्हणाली, "नको. पाट घरात राहील. देव मांडीवर घेऊन बसायचं, पयले बसायचे तसं." कोणाच्या मांडीवर, ते तिने सांगितलं नाही. होडी कापायचं नावही काढलं नाही.

सिलिकॉन वाळल्यावर आम्ही ती परत नदीत घातली आणि मी भिंतीच्या पायथ्याशी नवी रांगोळी टाकली. या वेळी काकांनी इंजिन चालू केलं, म्हणजे तुझ्या भात्याची आणि माझ्या पाइपांची कसर राहू नये. बुवा आणि मंडळी न सांगता मागे येऊन बसली. पाट होता त्या जागी वहिनी बसली, मांडीवर रिकामे हात घेऊन. काकांनी मध्यावर नेऊन होडी डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, मागे घेतली, जे जे तू कधी करायचास ते सगळं केलं. बुवांनी पायाखालची फळी उचलून तळात हात फिरवला आणि हात कोरडा आहे हे सगळ्यांना दाखवलं. म्हणाले, "मधूची होरी चांगली हाय." गळकी म्हणाले नाहीत.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी हसले, मान हलवली. काठ जवळ आला, सगळे उतरले, वहिनी हाक मारून चहाला वर गेली. मी उतरले नाही. रांगोळी पांढरी, कोरडी, एक रेघसुद्धा न मोडलेली. तुझ्या सगळ्या भावकीला जे दहाव्याला मिळालं ते मला आता मिळालं होतं, सगळं निस्तरलं, काही मागे राहिलं नाही. आणि मी मात्र गुडघ्यांवर बसून त्या रांगोळीकडे डोळे लावून होते, दादा, कुठूनतरी एक थेंब येईल म्हणून.